प्रमाणपत्राची मागची बाजू

आमचा गाडा उचलला तो 28 ऑगस्ट 2019 ला, बुधवारी. सोमवारी गणपती बसायचे होते. मी वरच्या आळीत सातवीच्या मुलांची शिकवणी घेत होते, तेवढ्यात शेजारच्या पानपट्टीवाल्या काकांचा फोन आला. "बाळा, पळत ये. गाडा ट्रॉलीत चढवाय लागलेत."

गाडा म्हणजे आमचा भजी-चहाचा हातगाडा. एसटी स्टँडसमोर आप्पा तो 1994 पासून लावत होते. माझं डी.एड. त्याच गाड्यावर झालं, धाकट्या भावाचं आयटीआयही त्याच गाड्यावर. जून महिन्यात आप्पांची उजवी बाजू लकव्यानं गेली आणि आई गाड्यावर उभी राहायला लागली. त्याआधीही ती होतीच. कांदा चिरायला, पीठ भिजवायला, भांडी घासायला. गिऱ्हाइकाच्या समोर मात्र जूनपासून आली.

मी पोचले तेव्हा नगरपरिषदेचा ट्रॅक्टर उभा होता आणि आई ट्रॉलीचा कठडा धरून उभी होती. भिजवलेल्या पिठाचं पातेलं, चिरलेला कांदा, दुधाचं कॅन, शेगडी, सिलिंडर, सगळं आहे तसं वर गेलेलं. पथकातले मुकादम ओळखीचे होते. रोज सकाळी आमच्याकडे अर्धा चहा घेणारे. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "ताई, आम्हाला वरनं सांगितलंय. उद्या ऑफिसला या."

मी म्हटलं, "काय काय नेलं त्याची यादी द्या."

"यादी कसली? अतिक्रमण हाय हे."

"आमच्याकडे पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे."

"मग दावा की."

प्रमाणपत्र गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि ड्रॉवर गाड्याला होता. ट्रॅक्टर सुरू झाला, चौकातून वळला. आमच्या हातात उरला तो माझ्या मोबाइलमधला एक फोटो. आदल्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी आप्पांनी ते छातीशी धरलं होतं, तेव्हा मी काढलेला. त्यात आप्पांचं नाव, नोंदणी क्रमांक, जागा आणि शिक्का स्पष्ट दिसत होता. त्या कागदाच्या मागच्या बाजूला काय छापलंय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी नगरपरिषदेत गेले. आमची 'क' वर्गाची नगरपरिषद. जुनी दगडी इमारत, पुढं झेंड्याचा कट्टा, आत शिरताना डाव्या हाताला जन्म-मृत्यू नोंदणी, उजव्या हाताला घरपट्टीचा काउंटर. अतिक्रमण, बाजार आणि परवाना असे तीन विभाग भिंतीवरच्या फलकावर होते. प्रत्यक्षात तिन्हीचं काम एकाच मॅडमकडे होतं. टेबलावर तीन ट्रे, तिन्ही काठोकाठ भरलेले. मटणाच्या दुकानांचे परवाने, मंगल कार्यालयाची ना हरकत, फटाक्यांच्या स्टॉलचे अर्ज, प्लॅस्टिकबंदीच्या दंडाची पावतीपुस्तकं, सगळं तिथंच. मी बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता माझा आवाज चढला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तोंडी काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "तोंडी सांगितलेलं इथं राहत नाही. अर्ज लिहा, दोन प्रती करा, आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. तारीख आणि शिक्का बघून घ्या."

मग त्यांनी कपाट उघडून प्रमाणपत्राचा एक कोरा नमुना काढला आणि उलटा करून माझ्यापुढं ठेवला. मागं बारीक अक्षरात अटी होत्या. पहिलीच अट अशी होती की पथविक्रेत्यानं व्यवसाय स्वतः किंवा आपल्या कुटुंबातल्या सदस्यामार्फत करावा. पुढची होती, प्रमाणपत्र कोणत्याही प्रकारे दुसऱ्याला देता येणार नाही, भाड्यानंही नाही.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे की वडिलांनी गाडा पोटभाड्यानं दिला आणि तिथं दुसरीच बाई उभी असते."

"ती माझी आई आहे."

"मला माहितीय," मॅडम म्हणाल्या. "पण कागदाला माहिती नाही."

त्या दिवशी त्या वाक्याचा मला राग आला होता. आज येत नाही. नगरपरिषदेत एखाद्या माणसानं आपल्याला ओळखून उपयोग नसतो. आपण कोण आहोत ते कागदावर चढावं लागतं. मॅडमनी ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्याच संध्याकाळी मी स्टँडमागच्या सायबर कॅफेत बसून पथविक्रेता कायदा छापून घेतला. पूर्ण नाव लांबलचक आहे: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. इंग्रजी प्रत होती. शब्दकोश घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. आप्पा खाटेवरून बघत होते. त्यांची जीभ अजून जड होती, पण मी एकेक कलम मराठीत सांगायला लागले तसे ते मान हलवायला लागले.

कलम 5 मध्ये आमचं सगळं घर होतं. प्रमाणपत्रधारक वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत त्याच्या जागी कुटुंबातला एकजण धंदा करू शकतो. कुणी करायचा त्याचा क्रमही दिलाय: आधी जोडीदार, मग अवलंबून असलेलं मूल. म्हणजे आई गाड्यावर उभी होती ती कायद्यानं सांगितलेल्या जागीच उभी होती. कलम 10 मध्ये होतं की अटींचा भंग झाला तर प्रमाणपत्र रद्द किंवा निलंबित करता येतं, पण म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाही. कलम 18 प्रमाणे जागेवरून हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस. आणि कलम 19 वाचताना मी उठूनच बसले. माल जप्त केला तर त्याची यादी तयार करून, सही करून, प्रत विक्रेत्याला द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत.

आमचं पीठ, कांदा आणि दूध तेव्हा अग्निशमन गाडीच्या शेडमागं उन्हात होतं.

शुक्रवारी मी अर्ज दिला. कलम 19 चा उल्लेख केला, मालाची आमच्या आठवणीप्रमाणे यादी जोडली, पोच घेतली. शनिवार, रविवार गेला, सोमवारी गणेश चतुर्थी. मंगळवारी, 3 सप्टेंबरला गाडा मिळाला. पातेल्यातल्या पिठाचं काय झालं होतं ते सांगत नाही. आईनं पातेलं तिथल्याच नळावर तीनदा घासलं. मग गाड्याच्या खालच्या फळीवर हात फिरवला, परत फिरवला.

"मोठी कढई न्हाई," ती म्हणाली.

लोखंडी कढई होती. आप्पांनी गाड्याच्या पहिल्या वर्षी घेतलेली, आतून काचेसारखी झालेली. आता नगरपरिषदेनं केलेल्या यादीत 'कढई – 1' असं होतं आणि तेवढी एक लहान कढई समोर होती. यादी जप्तीच्या दिवशी झालीच नव्हती. आमच्या अर्जानंतर शेडमध्ये झाली. कढई रस्त्यात पडली, कुणी उचलली की आणखी काही झालं, कुणावर आळ घ्यायचा? मुकादमांनी आमच्यासमोर शेडचा कोपरान् कोपरा धुंडाळला. त्यांचा चेहरा पडला होता. जप्तीच्या वेळी दोन ओळींची यादी केली असती तर आम्हालाही शोधता आली असती आणि त्यांच्यावरही संशय आला नसता. ती कढई परत मिळाली नाही.

कारणे दाखवा नोटीस आली ती त्याच आठवड्यात. तीन आरोप होते. एक, प्रमाणपत्रधारक स्वतः व्यवसाय करत नसून गाडा पोटभाड्यानं दिला आहे. दोन, नेमून दिलेल्या जागेऐवजी दुसऱ्या जागी व्यवसाय केला जातो. तीन, मंजूर मापापेक्षा जादा जागा व्यापली आहे. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा प्रमाणपत्र रद्द करण्याची कारवाई केली जाईल.

पहिल्या आरोपावर उत्तर होतं. रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, त्यावर कुटुंबप्रमुख आप्पा आणि खाली पत्नी म्हणून आई. ग्रामीण रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जोडलं.

दुसऱ्यालाही उत्तर होतं. आमची नेमलेली जागा गटाराच्या कडेला होती आणि नगरपरिषदेनंच जुलैत ते गटार नव्यानं बांधायला काढलं होतं. खोदलेल्या चरावर गाडा कसा लावणार? आम्ही साठ-सत्तर फूट पुढं सरकलो होतो. ठेकेदारानं कामाचा फलक लावला होता, कामाचं नाव, काम सुरू झाल्याची तारीख, मुदत. मी त्या फलकाचा आणि आमच्या जागेवरच्या मातीच्या ढिगाचा फोटो काढला.

तिसऱ्या आरोपापाशी मी दोन दिवस अडले. तो खरा होता. आप्पांच्या औषधपाण्याला पैसा लागत होता म्हणून जुलैपासून आम्ही गाड्यापुढं एक टेबल आणि दोन बाकडी टाकली होती. त्यांच्यामुळं रस्त्याची चार-पाच फूट जागा जात होती. स्टँडमधून बाहेर पडणाऱ्या एसटीला वळताना थांबावं लागायचं, हे मी स्वतः पाहिलं होतं. भाऊ म्हणाला, लिहू नकोस, कुणी मोजलंय? आप्पांनी डाव्या हातानं पाटी मागितली. भावाच्या लहानपणची पाटी होती, बोलता येत नव्हतं तेव्हापासून ते त्यावर लिहायचे. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'खरं लिही'.

खुलाशात मी लिहिलं की तिसरा मुद्दा मान्य आहे, टेबल आणि बाकडी काढली आहेत, नियमाप्रमाणे दंड भरायला तयार आहोत. या वाक्यानं बाकीच्या दोन मुद्द्यांना वजन आलं असं मला आजही वाटतं. सुनावणीला साहेबांनी सगळ्यात आधी तेच वाक्य वाचलं.

सुनावणी 17 सप्टेंबरला दुपारी चारला, मुख्याधिकारी साहेबांच्या दालनात. आई ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. दालनाबाहेर बाकावर आमच्याआधी तिघे होते. एका मटण दुकानदाराचा परवाना मार्केटमधल्या गाळ्याचा होता आणि दुकान होतं घरासमोर. एका हॉटेलवाल्यानं खरकटं पाणी पावसाच्या गटारात सोडलं होतं. तिसरा एक तरुण मुलगा, प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडल्या म्हणून 5,000 रुपये दंड झालेला. 2018 च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला तेवढाच आहे. दुसऱ्यांदा सापडलं की 10,000. तो मुलगा म्हणत होता, महिन्याचा नफा गेला. मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी ज्या गटारासाठी आमची जागा गेली होती ते कशानं तुंबायचं तेही आठवत होतं.

आत साहेब, कार्यालयीन अधीक्षक आणि परवान्याच्या मॅडम. साहेब वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी आईला विचारलं, "प्रमाणपत्रावर नाव असलेले हे तुमचे कोण?"

आईनं पदर नीट केला. "मालक हायेत माझे."

"गाड्याचे मालक?"

"न्हाई वो साहेब. माझे मालक."

कुणी हसलं नाही. साहेबांनी रेशनकार्ड पाहिलं, डिस्चार्ज कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे वळले. मी कलम 5 वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. हात थरथरत होते म्हणून कागद टेबलावर ठेवून वाचलं. साहेबांनी मॅडमना विचारलं, पोटभाड्याच्या तक्रारीला पुरावा काय? मॅडम म्हणाल्या, निनावी अर्ज आहे, जागेवर जाऊन कुणाचा जबाब घेतलेला नाही. थोडा वेळ दालनात फक्त पंख्याचा आवाज होता.

शेवटी मी कढईचं बोलले. दंड माफ करा किंवा भरपाई द्या असं काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं की इथून पुढं कुणाचाही गाडा उचलाल तर जागेवर यादी करा आणि सही करून द्या. अधीक्षकांनी ते लिहून घेतलं.

आठवड्यात आदेश मिळेल असं सांगितलं होतं. 21 सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमच्या आदेशाचा आचारसंहितेशी संबंध नव्हता, पण मॅडमपासून शिपायापर्यंत निम्म्या कार्यालयाला निवडणुकीची ड्युटी लागली. गाडा आम्ही लावत होतो, कारण प्रमाणपत्र रद्द झालेलं नव्हतं. पण रोज सकाळी स्टोव्ह पेटवताना आई चौकाकडे बघायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की तिचा झारा हवेतच थांबायचा. उसाचा ट्रॅक्टर असला तरी. परवान्याचा प्रश्न अधांतरी असणं म्हणजे काय, हे मला त्या झाऱ्यावरून कळलं.

आदेश आला दिवाळीनंतर. 'खुलासा व सादर केलेली कागदपत्रे विचारात घेता मुद्दा क्र. 1 व 2 बाबत प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. मुद्दा क्र. 3 बाबत रुपये 500 दंड भरून घ्यावा.' कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 2,000 रुपये आहे. आई स्वतः काउंटरवर गेली, पाचशेची नोट दिली, पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. नस्तीबद्ध म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, फाईल बंद झाली, दोरी बांधून ठेवून दिली. "मंजी कापून न्हाई टाकली," ती म्हणाली. "ठेवलीया." तेही खरंच होतं.

पावती घेऊन बाहेर पडताना माझं लक्ष नोटीस बोर्डाकडे गेलं. हा 7 नोव्हेंबर. 14 तारखेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लावली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती उभी राहून वाचली. सर्वसाधारण सभेची सूचना सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे ती तिथं दर वेळी लागत असणार. मी शेजारून जन्मदाखला घेऊन गेले असेन. विषय क्र. 11 होता: एसटी स्टँड ते चौक हा रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र घोषित करणेबाबत.

आमची फाईल बंद झाली होती आणि अख्खा रस्ताच बंद व्हायच्या बेतात होता.

त्या रस्त्यावर आम्ही सत्तावीस जण होतो. फळवाले, वडापाव, चप्पल शिवणारे मामा, मोबाइलचे कव्हर विकणारी पोरं, सोमवारच्या बाजाराला खेड्यातून येणाऱ्या भाजीवाल्या बायका वेगळ्याच. मी दोन संध्याकाळी गाड्या-गाड्यावर फिरले. बहुतेकांचं म्हणणं, ठराव होतात, पुढं काही होत नाही. फळवाले चाचा तेवढे म्हणाले, "बेटा, तू कायदा वाचलायस ना? मग सांग काय लिहायचं. अंगठा सगळ्यात आधी माझा."

सभेत नागरिकाला बसता येतं, बोलता येत नाही. बोलायचं तर नगरसेवकाच्या तोंडून. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या मशीनवर होत्या. मी कायद्याची पहिली अनुसूची उघडली. त्यात म्हटलंय की सर्वेक्षणात नोंदलेला, पूर्वापार भरणारा बाजार ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. केवळ गर्दी होते एवढंही कारण चालत नाही; गर्दी असेल तर नवी प्रमाणपत्रं देताना मर्यादा घालता येते. शिवाय असल्या निर्णयाआधी नगर पथविक्रेता समितीशी बोलावं लागतं, त्या समितीत 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांतले हवेत. आमच्या गावात समिती कागदावर होती, बैठक एकदाच झालेली.

ताईंनी मशीन थांबवलं. "पण रस्त्याचं काय गं?" त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दवाखान्याची गाडी अडकली होती तिथं. आत बाळंतीण होती. माझ्याच गल्लीतली."

मला उत्तर नव्हतं. मी फक्त आमच्या बाजूचे कागद घेऊन गेले होते. ताई म्हणाल्या, मी बोलेन, पण दोन्ही बोलेन. मला ते पटलं.

14 नोव्हेंबरला सकाळी अकराला सभा. त्या आठवड्यात मुंबईत सरकारच नव्हतं, 12 तारखेला राष्ट्रपती राजवट लागलेली, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आमच्या गावात मात्र घंटागाडी वेळेवर आली होती, पाणी एक दिवसाआड सुटलं होतं आणि सभागृहात 17 पैकी 14 सदस्य हजर होते. भिंतीकडेला लोकांसाठी खुर्च्या होत्या, त्यावर चाचा, चप्पलवाले मामा, आई आणि मी. बाकी कुणी नाही. शिपायानं विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, सभा बघायची आहे. तो गोंधळला, आत विचारून आला आणि आमच्यासाठीही चहा घेऊन आला.

सुरुवातीला श्रद्धांजलीचे ठराव झाले, सगळे उभे राहिले, आम्हीही. मागील सभेचं इतिवृत्त कायम झालं. जमाखर्च झाला. मग पाणी शुद्ध करायला लागणाऱ्या टीसीएल पावडर आणि तुरटीचे दर. मला वाटलं होतं की हे कंटाळवाणं असेल. पण तुरटीच्या दरावर एका म्हाताऱ्या सदस्यांनी पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. मागच्या वर्षी दर काय होता, किलोमागं किती वाढला, पावसाळ्यात जास्त लागते तर खरेदी आत्ता का? मी रोज पिते त्या पाण्यावर कुणीतरी एवढं बोलतं हे मला ठाऊकच नव्हतं. डासांच्या फवारणीचं औषध, पंपाचं रिवाइंडिंग, स्मशानभूमीतला दिवा. 'सूचक', 'अनुमोदक', 'सर्वानुमते मंजूर'. काही विषय इतक्या भरभर गेले की लिहून घेता आले नाहीत आणि त्यात लाखांचे आकडे होते. ते मला आवडलं नाही.

विषय 9 परवान्यांचा होता. नूतनीकरण न केलेल्यांची यादी वाचली गेली. एका सदस्यानं विचारलं, या लोकांना मुदत संपायच्या आधी कळवतो का आपण? मॅडमनी सांगितलं, पत्र पाठवायला माणूस नाही, संपल्यावर नोटीस जाते. ठरलं असं की मुदत संपण्याआधी एक महिना मोबाइलवर निरोप पाठवायचा. दोन मिनिटांत झालेला निर्णय. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला निर्णय तोच.

विषय 11 ला ताई उभ्या राहिल्या. हातात मी दिलेली झेरॉक्स होती, त्यावर त्यांनी शिवणाच्या खडूनं खुणा केल्या होत्या. आधी बाळंतिणीची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, "गाडी अडकली ती भजीच्या गाड्याला नाही, तो गटाराच्या पलीकडं असतो. अडकली ती दोन्ही बाजूला लावलेल्या मोटारींना आणि गाड्यापुढच्या बाकड्यांना. बाकडी काढा, मोटारींना जागा ठरवा. सत्तावीस घरांचा रस्ता कशाला बंद करता?" मग अनुसूची वाचली. एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला की कायदे मोठ्या शहरांना असतात. मुख्याधिकारी साहेब उठले आणि म्हणाले, कायदा आपल्यालाही लागू आहे. समितीचा अभिप्राय न घेता ठराव केला तर जिल्हाधिकारी नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली त्याला स्थगिती देऊ शकतात. तिथं वाद थांबला. नगराध्यक्षांनी विषय तहकूब केला: पथविक्रेता समितीची बैठक घेऊन अभिप्रायासह पुढील सभेत ठेवावा.

चाचांनी माझा हात घट्ट दाबला. आईला 'तहकूब' शब्द कळला होता, तो तिच्या माहेरी शेताच्या दाव्यात वर्षानुवर्षं ऐकलेला. ती म्हणाली, "परत यावं लागंल मंजी."

परत गेलो. समितीची बैठक डिसेंबरात झाली, मीही आईसोबत होते. स्टँडसमोर फूटपट्टी आणि टेप घेऊन अभियंता साहेब, मॅडम, मुकादम आणि आम्ही सगळे फिरलो. गटाराच्या नव्या स्लॅबपासून मोजून पिवळा पट्टा मारायचा, गाडे पट्ट्याच्या आत, बाकडी नाहीत, मोटारी एका बाजूला. तिघांच्या जागा त्यात बसत नव्हत्या. त्यांना शाळेमागची गल्ली दिली, तिथं धंदा निम्मा झाला. त्यातला एक चप्पलवाले मामा. ते मला कधी काही बोलले नाहीत, पण नंतर सभेलाही आले नाहीत. पट्टा फेब्रुवारीत मारला गेला.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. स्टँड बंद, रस्ता रिकामा, पिवळा पट्टा नवा कोरा. गाडा दारात उभा होता आणि घरात शिकवणीचेही पैसे नव्हते. त्या अडीच-तीन महिन्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथं नको.

जुलैत परवान्याच्या मॅडमचा फोन आला. केंद्राची पंतप्रधान स्वनिधी योजना जूनमध्ये सुरू झाली होती, पथविक्रेत्यांना विनातारण 10,000 रुपये भांडवली कर्ज, वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज अनुदान. "ज्यांचं प्रमाणपत्र चालू आहे त्यांचं आधी होतंय. तुमची नस्ती मीच काढून बघितली. आप्पांचा आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या."

बँकेत आप्पांनी डाव्या हातानं सही केली. तोवर ते काठी घेऊन चालायला लागले होते. मी प्रमाणपत्र पुढं केलं तेव्हा तिथल्या बाईंनी ते उलटून मागची बाजू पाहिली. वरच्या अटीखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती.

पैसे जमा झाले त्या आठवड्यात आई आणि मी लोहार आळीत गेलो. आईनं पाच-सहा कढया हातात घेऊन पाहिल्या, बोटानं वाजवल्या, एक ठेवली. घरी आल्यावर तिनं ती तीन दिवस मीठ आणि तेल लावून चुलीवर तापवली. चौथ्या दिवशी भजीचा पहिला घाणा काढला. तो थोडा चिकटला. आप्पा खाटेवरून म्हणाले, आता शब्द बऱ्यापैकी सुटे येत होते, "चिकटू दे. नवीन हाय."